निकुजागा : एकाच पातेल्यातलं मटण

आमच्यासारख्या घरात मटण म्हटलं की दोन पातेली चढतात. एकात काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा, दुसऱ्यात मुलांसाठी बाजूला काढलेलं अळणी. बऱ्हाणपूर नकाशावर मध्य प्रदेशात असलं तरी आमच्या चुलीवर रावेर-जळगावचंच राज्य आहे. गेल्या वर्षी पोटाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी बाबांचं तिखट बंद केलं. जन्मभर रस्सा ओरपलेला माणूस तो. अळणीची वाटी पुढे केली की "हे आजाऱ्याचं जेवण मला नको" म्हणत दुधात पोळी कुस्करायचे. पुढे पुढे तर मटणाच्या दिवशी ते सगळ्यांच्या आधीच जेवून घ्यायला लागले. मला खुपत होतं ते हे.

माझं ऑफिसचं काम जपानी क्लायंटचं. तिकडच्या एका सहकाऱ्याला सहज विचारलं, तुमच्याकडे मिरचीशिवाय मटण चवीचं कसं करता? उत्तर आलं: निकुजागा. निकु म्हणजे मांस, जागा म्हणजे जागाइमो, अर्थात बटाटा. डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून तो जकार्ताकडून जपानात पोहोचला, आणि जकार्ताचं तिकडचं जुनं नाव जागातारा, म्हणून हा जागाताराचा कंद. आपल्याला 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांनी दिला. आमच्या गावात तो आलूच आहे, ते सोडा.

या पदार्थाची एक गोष्ट सांगतात. अ‍ॅडमिरल तोगो हेइहाचिरो 1871 ते 1878 या काळात इंग्लंडमध्ये शिकायला होते. तिथला बीफ स्ट्यू त्यांना आवडला होता. पुढे आरमारात त्यांनी तो करायला सांगितला, पण स्वयंपाक्याकडे ना वाइन ना लोणी. त्याने सोया सॉस आणि साखर घालून वेळ मारून नेली. माइझुरु आणि कुरे ही दोन बंदरं 'आमच्याकडेच झाला' म्हणून आजही भांडतात. गोष्ट खरी असेलच असं नाही, मला तर ती नंतर रचलेली वाटते. पण आज जपानात निकुजागा म्हणजे आईच्या हातची चव. पश्चिम जपानात त्यात बीफ, पूर्वेकडे बहुधा डुकराचं मांस. मग बऱ्हाणपुरात बोकडाचं का नको?

चार-पाच जणांसाठी मांडीचं बिनहाडाचं 400 ग्रॅम मटण घ्या. तासभर फ्रीजरमध्ये ठेवलं की घट्ट होतं आणि सुरीने पातळ काप निघतात. जपानी लोक मांस थेट पातेल्यात शिजवतात, पण आपलं बोकडाचं मटण चिवट असतं. म्हणून आल्याचा तुकडा आणि तीन वाट्या पाणी घालून कुकरला चार शिट्ट्या द्या. ते पाणी फेकू नका. जपानी घरात सुकवलेला मासा आणि समुद्री शेवाळ यांचं 'दाशी' नावाचं पाणी वापरतात, त्याची जागा आपल्याकडे हे पाणी घेतं.

पसरट पातेल्यात थोड्या तेलावर दोन कांद्यांच्या जाड फोडी परता, मग चार आलूंचे मोठे तुकडे आणि एक गाजर. आलूच्या कडा सुरीने जरा गोलसर करा, म्हणजे शिजताना चुरा होत नाही. मटण आणि त्याचं पाणी घाला. आधी दोन मोठे चमचे साखर, पाच मिनिटांनी तीन मोठे चमचे सोया सॉस. हा क्रम जपानी स्वयंपाकातला जुना नियम आहे: साखर मुरायला वेळ लागतो, म्हणून ती आधी. मिरीन आणि साके इथे कुठे शोधणार, साखर थोडी वाढवा. वेगळं मीठ मात्र घालू नका. सोया सॉस मुळातच खारट असतो, बीपी असलेल्यांनी तो आणखी कमी घ्यावा.

आता झाकण. तिकडे पातेल्यापेक्षा लहान लाकडी झाकण थेट भाजीवर टेकवतात, म्हणजे थोड्या रसातही वरचे तुकडे कोरडे राहत नाहीत. आमच्या जिल्ह्यात केळीच्या बागा पावलोपावली. मी केळीचं पान गोल कापून वर ठेवतो. मंद आचेवर वीस मिनिटं, मग गॅस बंद करून अर्धा तास हात लावू नका. गार होताना रस आत शिरतो.

पहिल्यांदा केलं तेव्हा बाबांनी आधी वास घेतला. "फोडणी नाही?" म्हणाले. मग भात मागितला, मग पुन्हा भात. आमचा सहा वर्षांचा मुलगा त्यांच्या शेजारी बसून त्याच पातेल्यातलं खात होता. "आजोबा, तुमच्या ताटात आलू जास्त आहेत," अशी तक्रारही त्याने केली. आई मटण खात नाही, तिच्यासाठी मटार आणि सुक्या मशरूमच्या पाण्यावर वेगळं छोटं भांडं लागतंच. ती ते पोळीबरोबर आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा घेऊन खाते. जपानी माणसाला सांगू नका.

उरलं तर दुसऱ्या दिवशी रस निथळून ठेचा, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळा. जपानी घरांतही त्याचे असेच कोरोक्के करतात.