क्रियापदाची शेपटी

परवा पुण्याहून मिरजेला निघालो होतो. गाडीत रेडिओ चालू होता आणि कराडच्या अलीकडे 'दोस्ती'मधलं रफीचं ते गाणं लागलं. ('ते' म्हणजे ज्याच्यासाठी रफीला आणि मजरूह सुलतानपुरींना, दोघांनाही फिल्मफेअर मिळालं ते.) शेजारी माझी भाची, वय वर्षं चोवीस. एरवी माझ्या गाण्यांना नाक मुरडणारी, पण हे गाणं डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "काय प्रेम असेल ना मामा याचं त्या मुलीवर!"

"कुठल्या मुलीवर?"

"अरे, जिच्यासाठी गातोय तिच्यावर."

तर गंमत अशी की तिथे मुलगी नाहीच. 'दोस्ती' १९६४ चा. राजश्रीचा सिनेमा, दिग्दर्शक सत्येन बोस. गोष्ट दोन गरीब पोरांची. एक पायानं अधू, माउथऑर्गन वाजवणारा. दुसरा आंधळा, गाणारा. (तो माउथऑर्गन प्रत्यक्षात राहुलदेव बर्मननं वाजवलाय.) दोघं रस्त्यावर गाऊन पोट भरतात, पुढे दुरावतात, आणि त्या दुराव्यात आंधळा मुलगा हे गाणं म्हणतो. तुझ्यावर प्रेम तर करत राहीन, पण आता तुला हाक मारणार नाही, असा एकूण भाव. सिनेमा न पाहता नुसतं गाणं ऐकलेले हजारो लोक आजही ते मुलानं मुलीसाठी म्हटलेलं गाणं समजतात. माझ्या मावशीच्या लग्नात बँडवाल्यांनी वाजवलं होतं!

भाचीला माझ्याबद्दल माहीत आहे. २०१८ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाचा ३७७ चा निकाल आला, त्यानंतर मी घरात एकेकाला सांगत गेलो, त्यात तिचा नंबर पहिला होता. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे हे गाणं तुमचं म्हणायचं का रे मामा? समलिंगी लोकांचं?"

मी म्हटलं, इतकं सोपं नाही ते. आणि मग पेठ नाक्यापर्यंत मी जी काही बडबड केली ती जरा नीट लिहून काढावी म्हणून हा प्रपंच.

आधी शाळेतली गोष्ट सांगतो. १९७९ साल, मी सातवीत. स्नेहसंमेलनात मी लताबाईंचं एक हिंदी गाणं म्हणणार होतो. आवाज फुटला नव्हता, वरचे सूर सहज लागायचे. तालमीत मी गाणं जसं रेडिओवर ऐकलं होतं तसं म्हटलं, म्हणजे क्रियापदाच्या शेवटी 'गी' लावून. वर्ग खदाखदा हसला. गाणं बसवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अरे, तू मुलगी आहेस का? 'गी' काढ, 'गा' म्हण." मीटर कुठेही बिघडत नव्हतं, एक वेलांटी काढून काना द्यायचा एवढंच. पण त्या 'गा'नं गाण्याची अख्खी खोली फिरली. आता मी एका मुलीसाठी गात होतो, आणि कुठल्याच मुलीसाठी मला गायचं नव्हतं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. स्टेजवर गेलो आणि दुसऱ्या कडव्यात गाणंच विसरलो. त्यानंतर शाळेत गायलो नाही.

तेव्हापासून एक खोड लागली. कुठलंही गाणं आलं की आधी क्रियापदाची शेपटी बघायची. गाणारा बाप्या का बाई, आणि ज्याला उद्देशून गातोय तो कोण? आणि लक्षात यायला लागलं की हिंदी गाण्यांत बरेचदा याचा पत्ताच लागत नाही. 'हम' म्हटलं की बाईसुद्धा पुल्लिंगी अनेकवचनात बोलू शकते. समोरचा माणूस 'तुम' किंवा 'सनम' किंवा 'महबूब'. नायिका समोर पदर उडवत उभी असते आणि नायक तिच्याबद्दल पुल्लिंगी क्रियापद वापरतो. कुणालाही खटकत नाही.

हे कुठून आलं तर गझलेतून. आपले मोठे गीतकार, साहिर, मजरूह, शकील बदायुनी, कैफी आझमी, हे सगळे उर्दू कवितेतून आलेले. आणि उर्दू गझलेत प्रियकराचा किंवा प्रेयसीचा उल्लेख पुल्लिंगी करायची जुनी रीत. फारसी भाषेत व्याकरणाला लिंगच नाही, तिथे 'तो' आणि 'ती' एकच. उर्दूत आल्यावर त्या जागी पुल्लिंग बसलं. कधी ती नुसती रीत असते, कधी नसते. मीर तकी मीरचा अत्तारवाल्याच्या पोरावरचा शेर उर्दूवाल्यांना पाठ असतो, आणि त्यात लपवाछपवी काही नाही.

पुढे १८९३ मध्ये हालींनी (अल्ताफ हुसेन हाली, गालिबचे शिष्य) कवितेवर एक मोठा निबंध लिहिला. त्यांना ही पुरुषानं पुरुषावर प्रेम करायची भाषा फार खुपायची. त्यांचा सल्ला काय होता? तर गझलेत असे शब्द वापरा की समोरचा पुरुष आहे की स्त्री हे उघड होणारच नाही. मला हे वाचलं तेव्हा मोठ्यानं हसू आलं होतं. बिचारे नीती सांभाळायला निघाले आणि जाता जाता आमच्यासाठी दार सताड उघडं ठेवून गेले!

मराठीत हे जमत नाही असं मला बरीच वर्षं वाटायचं. आपली भाषा पोलीस चौकीसारखी. 'मी जातो' का 'मी जाते', 'तू येतोस' का 'तू येतेस', दोन्ही बाजूंची ओळख पटवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. 'एकटा', 'वेडी' अशी विशेषणं म्हणजे वर आणखी शिक्का. पण मग भावगीतं ऐकता ऐकता ध्यानात आलं की इथेही पळवाटा आहेत. 'मी तुला पाहिलं' यात कुणाचंच लिंग नाही. 'ये', 'बस', 'थांब' यात नाही. आणि भविष्यकाळ बघा. हिंदीत 'आऊँगा' किंवा 'आऊँगी' असं सांगावंच लागतं. मराठीत 'मी येईन'. 'तू येशील'. बास. ज्या ठिकाणी मला सातवीत अडवलं होतं, नेमक्या त्याच ठिकाणी माझ्या भाषेनं चौकशी ठेवली नव्हती. हे कळलं तेव्हा मी तिशीत होतो, फर्ग्युसन रस्त्यावर चहा पीत होतो आणि मला कुणाला तरी सांगायचं होतं. सांगण्यासारखं कुणी नव्हतं. असो.

बायकांच्या बाजूनं म्हणाल तर दोन गाणी मला नेहमी आठवतात. कमाल अमरोहींच्या 'रझिया सुलतान'मधलं (१९८३) होडीतलं गाणं, खय्यामचं, लताबाईंच्या आवाजातलं. शब्द ऐकाल तर स्वप्नात कुणीतरी येणार आहे एवढंच. पण पडद्यावर हेमामालिनी आणि परवीन बाबी, आणि एक भलंमोठं पीस दोघींच्या चेहऱ्यांवर येतं. पिसामागे काय झालं ते प्रत्येकानं आपापलं समजायचं. दुसरं 'उत्सव'मधलं (१९८४). लिहिलं आपल्या वसंत देवांनी. नायिका वसंतसेना आणि तिच्या प्रियकराची बायको, या दोघी एकमेकींना साजशृंगार करत गातात. एकाच पुरुषाच्या दोघी, त्यांनी भांडायचं सोडून इतक्या मऊ आवाजात एकमेकींना काय सांगावं? आणि आवाज लता आणि आशा. मला तरी त्या गाण्यात चारुदत्त कुठे ऐकू येत नाही.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येतो. गाणं 'आमचं' आहे का?

एक जात अशी असते की जी गाण्यात पुरावे शोधते. अमक्या शब्दाचा अर्थ हा, म्हणजे कवी तसला. इंग्रजी गाण्यांत तर याचा धंदाच आहे. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' १९७५ ची, आणि आजही लोक तिच्यातल्या खुनाचा अर्थ लावताहेत की फ्रेडी मर्क्युरीनं स्वतःबद्दलच काही कबूल केलं. (हा गडी लहानपणी पाचगणीच्या बोर्डिंगात होता, आमच्यापासून दीडशे किलोमीटरवर. मला याचा उगाच अभिमान आहे.) त्यानं शेवटपर्यंत गाण्याचा अर्थ सांगितला नाही. १९९१ मध्ये गेला, आणि एड्स झाल्याचंसुद्धा जायच्या आदल्या दिवशी जाहीर केलं. इतकं झाकून ठेवलेल्या माणसाचं गाणं उकलून त्याचा पंचनामा करायचा हे मला बरं वाटत नाही. मजरूहसाहेबांच्या मनात काय होतं तेही मला शोधायचं नाही. त्यांनी दोन मित्रांसाठी गाणं लिहिलं, ते फार चांगलं लिहिलं.

शिवाय पुरुषानं बाईच्या तोंडून बोलणं हे आपल्याकडे काही गुपित नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्या आहेत. शाहिरांच्या लावण्या आहेत. बालगंधर्वांच्या साड्यांची नक्कल तेव्हाच्या बायका करायच्या. आणि आमच्या मिरजेत तर अब्दुल करीम खाँसाहेब, झुपकेदार मिशांचे, विरहिणी होऊन भैरवी ठुमरी गायचे. दर वर्षी मीरासाहेबाच्या दर्ग्यात त्यांच्या आठवणीत गाणं होतं, थोर थोर बुवा 'सखी' म्हणत आळवतात, लोक माना डोलावतात. हे सगळं समलिंगी आहे असं म्हणणं म्हणजे भक्तीवर आणि गाण्यावर, दोन्हींवर अन्याय. फक्त माझा एक बारीकसा प्रश्न आहे: त्याच तालुक्यात बारा वर्षांच्या पोरानं 'गी' म्हटल्यावर एवढं हसू कशाचं आलं?

तर मी पुरावे शोधत नाही. मी राहायला जागा शोधत होतो. ज्याचं स्वतःचं एकही गाणं नाही तो दुसऱ्याच्या गाण्यात भाड्यानं राहतो. मालकाला पत्ता नसतो, आणि मालकाचं काही बिघडतही नाही.

बिघडत नाही असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. पण गेल्या गेट-टुगेदरला एक मित्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "एक विचारू? राग मानू नकोस. तुम्ही लोक आमची दोस्तीची गाणी पण सोडत नाही. आता 'शोले'चं ते गाणं लागलं की खांद्यावर हात टाकायची चोरी झालीय."

ते खरं होतं. कॉलेजात 'शोले'चं मोटारसायकलवालं गाणं म्हणताना आम्ही सातआठ जण एकमेकांच्या गळ्यात पडून कोकलायचो. आता तेच गाणं लागलं की कुणीतरी डोळा मारतं, बाकीचे हसतात, हात खिशात जातात. मला त्याचं बोलणं लागलं, कारण नुकसान त्याचं झालेलं दिसत होतं. आर. राज राव यांच्यासारख्यांनी अमिताभच्या सिनेमातल्या याराना-दोस्तीचा आमच्या नजरेतून अर्थ लावून ठेवला, तो वाचून मला कोण आनंद झाला होता. त्या आनंदाची किंमत हा बिचारा मोजतोय की काय?

विचार केला आणि मला वाटतं, नाही. त्यानं राव वाचलेले नाहीत, वाचणारही नाही. हात खांद्यावरून काढायला लावला तो विनोदानं. १९८० मध्ये 'दोस्ताना' आला तेव्हा अमिताभ आणि शत्रुघ्न सिन्हा गळ्यात गळे घालून गायले, कुणी हसलं नाही. २००८ मध्ये त्याच नावाचा सिनेमा आला तो दोन पुरुषांनी गे असल्याचं सोंग करण्यावर. त्याआधी 'कल हो ना हो'मधली कांताबेन २००३ मध्येच किंचाळून गेली होती. 'दोस्ताना'चा तो डोळा मारणं आमच्या गँगमध्ये कुणी आणलं तर याच मित्रानं, मला नीट आठवतंय. मी तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसलो होतो. हसावंच लागायचं.

हे मी त्याला सांगितलं. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग तेव्हा आमच्या गळ्यात हात टाकून गायचास, तेव्हा तू..."

"तुझ्याबद्दल नव्हतं रे बाबा," मी म्हटलं. ते निम्मं खरं होतं. आमच्यातल्या एकाबद्दल होतं, तो आता कॅनडात असतो, तीन मुलं आहेत आणि त्याला कधीही कळणार नाही. पण बाकी सहा जणांच्या गळ्यात हात होता तो दोस्तीचाच होता, आणि ती दोन्ही एकाच गाण्यात, एकाच वेळी मावली होती. गर्दी झाली नव्हती.

परवा भाचीला घेऊन गेलो तो या वर्षीच्या गेट-टुगेदरला. तिनं आल्या आल्या जाहीर करून टाकलं की मामा गाणार. नाही नाही म्हणता पेटी पुढ्यात आली. वाजवायला तोच मित्र बसला. मी सातवीतलं गाणं काढलं, लताबाईंचं, आहे तसं. पहिला 'गी' आला तेव्हा मागे कुणीतरी खोकलं. पेटीवाल्यानं मान वर केली नाही, पुढच्या ओळीला नुसतं म्हणाला, "पट्टी उतरव, दम लागेल." उतरवली. दुसरं कडवं या वेळी आठवलं.