पोटाचे जुने दुखणे आणि भांगेची गोळी

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस ही नावे आता आपल्याही घरांत ऐकू येतात. आतड्यांना सूज, पोटात कळा, दिवसातून आठ-दहा वेळा शौचास धावणे, आणि हे वर्षानुवर्षे. अशा रुग्णाला गांजाने आराम पडतो, असे कोणी ना कोणी सांगतोच. आपण माळव्यातली माणसे. उज्जैनला महाकालाचा शृंगार भांगेने होतो, ठेक्यावर ती उघड मिळते. मग ‘घेऊन बघायला काय हरकत आहे?’ हा प्रश्न आपल्याकडे जरा लवकरच येतो.

इस्रायलमधील एका चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. क्रोन्सचे २१ रुग्ण, आठ आठवडे. गांजा ओढणाऱ्या ११ पैकी १० जणांना बरे वाटले. ज्यांच्या सिगारेटीतून गुंगी आणणारा अंश काढला होता, त्या १० पैकी ४ जणांना. भूक लागली, झोप आली. पण रक्ततपासणीत दाह उतरलेला दिसला नाही. आम्हां बँकवाल्यांना हे ओळखीचे आहे: हप्ता वेळेवर येतो, पण तो दुसरे कर्ज काढून भरलेला असतो. कळा थांबल्या म्हणून नेहमीचे औषध सोडले, तर आतडे आतून अरुंद होत जाते आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

कायदाही समजून घ्यावा. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात चरस आणि गांजा, म्हणजे झाडाची राळ आणि फुलोऱ्याचे शेंडे, येतात. नुसती पाने येत नाहीत. म्हणून भांग सुटते. ग्रहणीवर दिल्या जाणाऱ्या जातिफलादि चूर्णातही भांग असते. पण ते वैद्याने मोजून द्यायचे औषध. ठेक्यावरच्या गोळीत किती अंश आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले. भारताचे मत काढण्याच्या बाजूने होते. मग घरी संशोधनाला गती का नसावी? अफूचे तंत्र तर आपल्या शेजारीच आहे: मंदसौर-नीमचच्या शेतकऱ्याला पट्टा, ग्वाल्हेरहून नियंत्रण, नीमचच्या सरकारी कारखान्यात औषधी द्रव्य. गांजासाठी अशी मोजलेली, तपासलेली वाट काढावी, असे आमचे मत आहे.

तोवर कोणी भांग घेत असेलच, तर पोटाच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा भूल द्यायची असेल, तेव्हा तर नक्कीच.