संगणकांच्या दालनातील झाडू

आपल्या परीक्षेचे गुण, बँकेतील ठेवी, रेल्वेची आरक्षणे आज ज्या संगणकांत साठविली जातात, त्यांच्या दालनास ‘डेटा सेंटर’ म्हणतात. आमच्या हैदराबादेतही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे असे एक दालन आहे.

तेथे बर्फासारखा गारवा हवा, ही समजूत खरी नव्हे. यंत्रांत शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, असे जाणकार सांगतात. म्हणजे माणसालाही सुखावह वाटावी अशीच! दमटपणा फार वाढला तर तांब्यारुप्याचे जोड गंजतात, फार घटला तर स्थिर विद्युत साचून ठिणगी उडते.

परंतु खरा वैरी धूळ होय. यंत्रांचे पंखे हवेबरोबर तीही ओढतात, आणि धुळीचा थर आतील उष्णता कोंडतो. पुठ्ठ्याची खोकी आत नेऊ देत नाहीत, कारण त्यांचे तंतू झडतात. त्याहून नवल म्हणजे, जस्ताचा मुलामा दिलेल्या फरशीच्या खालच्या अंगास कधी कधी केसाहून बारीक धातुतंतू उगवतात. फरशी निष्काळजीपणे उचलली की ते उडून यंत्रांत शिरतात व विद्युत्प्रवाहास भलतीच वाट करून देतात. साधा झाडू तर धूळ केवळ उडवितो. तेथे सूक्ष्म गाळणीचे शोषणयंत्रच हवे.

गारव्याच्या यंत्रांवर कोट्यवधी रुपये खर्चावे आणि सफाईस मात्र काहीही न शिकविलेला, अल्प वेतनाचा मनुष्य नेमावा, हा व्यवहार आम्हांस उफराटा वाटतो. त्यास रीतसर शिक्षण द्यावे, तंत्रज्ञांच्या हजेरीपटावर घ्यावे, आणि फरशी केव्हा व कशी उचलावी हे ठरविताना त्याचाही शब्द ऐकावा.