घर मीटरात, रेती ब्रासात

बांधकामात फूट-इंच अजून का टिकून आहेत, असं विचारलं की साहेब लोकांचं बोट मिस्त्रीकडे जातं. म्हणे, अडाणी माणसं, त्यांना मेट्रिक झेपत नाही.

आमच्या महागावातल्या कुठल्याही चालू बांधकामावर दहा मिनिटं उभं राहा. नकाशावर लिहिलेलं असतं १० एमएम. मिस्त्री पोराला ओरडतो, ‘तीन सुती आण बे!’ आठ म्हणजे अडीच सूत, बारा म्हणजे चार, सोळा म्हणजे पाच, सगळं तोंडपाठ. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून चार सुताचे खरे १२.७ एमएम होतात, पण दुकानातून सळाख येते ती बाराचीच, हेही तो जाणून असतो. रिंगांचं अंतर कागदावर १५० एमएम, त्याच्या टेपवर सहा इंच. दोन्ही मापांत वावरणारा हा एकटाच, आणि अडाणीही हाच!

लोकांना सवय लागत नाही, ही तर निव्वळ थाप. मेट्रिकचा कायदा १९५६ चा. शेर गेला, पायली गेली, मैल गेला. इथला शेतकरी कापूस क्विंटलने विकतो, दूध लिटरने घेतो, नागपूर-तुळजापूर रस्ता किलोमीटरात सांगतो. २००९ चा वैधमापन कायदा तर भाव आणि बिलंसुद्धा प्रमाण मापातच मागतो.

मग मोडतंय कोण? घरकुल घ्या. पंतप्रधान आवास योजनेतलं घर किमान २५ चौरस मीटरचं. त्याच घराला शासन मोफत रेती देणार, ती ५ ब्रासपर्यंत. २०२३ च्या रेती धोरणातला दरही ब्रासमागे ६०० रुपये होता. ब्रास म्हणजे १०० घनफूट. एकाच घराची जागा मीटरात आणि रेती फुटात, दोन्ही सरकारी कागदांवर! त्यात मजुरी ठरते चौरस फुटावर.

‘एक ब्रास’ म्हणून आलेल्या ट्रॉलीला मी टेप लावला. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, फळी सव्वा फूट. पंचाहत्तर घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास. ड्रायव्हर म्हणाला, ‘भाऊ, वरून शीग आहे ना.’ शीग वाटेतल्या खड्ड्यांनीच बसवली होती.

घनमीटर आला म्हणून ट्रॉली आपोआप भरणार नाही, कबूल. पण सिमेंटच्या पोत्यावर ५० किलो छापलेले असतात, किराणा दुकानदाराला काट्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. ट्रॉलीच्या फळीवर काय छापलंय? जे माप कुठेच छापलेलं नाही, ते चालकाच्या तोंडचं. त्यात मरतो तो घरकुलवाला, कारण हप्ता अडकलेला असतो आणि वाद घालायला त्याला सवड नसते.

रेतीच्या पावतीवर ब्रास खोडून घनमीटर छापा. ५ ब्रासचे १४.१६ होतात. मिस्त्री दुसऱ्या दिवशी सरावेल. साहेबांना किती वर्षं लागतील, ते त्यांनी सांगावं.