एकाच पाण्याची दोन पिके

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ही गोष्ट मराठवाड्याला विसरण्याइतकी जुनी झालेली नाही. अशा प्रदेशात ‘अ‍ॅक्वापोनिक्स’चे आकर्षण वाटणे स्वाभाविकच आहे. या पद्धतीत माशांच्या टाकीतील पाणी भाजीच्या मुळांशी खेळवून पुन्हा टाकीत सोडतात. माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे जीवाणू नायट्रेट बनवितात. ते वनस्पती शोषून घेतात. खत वाचते, पाणीही वाचते.

परंतु अर्थशास्त्राचा प्रश्न येथूनच सुरू होतो. पंप अखंड चालला पाहिजे. वीज काही तास गेली तरी प्राणवायूअभावी मासे दगावतात. एवढी जोखीम आणि एवढे भांडवल कोरडवाहू शेतकऱ्याने कोठून आणावे?

तत्त्व मात्र त्याच्या आवाक्यातले आहे. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना राज्यात २०१६ मध्येच आली. शेततळ्यात रोहू, कटला सोडावेत, तेच पाणी पैठणकडील मोसंबीला द्यावे आणि उन्हाळ्यात तळे आटण्यापूर्वी मासे विकावेत. यंत्राची गरज नाही.

अट एकच: तळे पावसाने भरले पाहिजे. कूपनलिकेचे पाणी उपसून प्लॅस्टिकच्या अस्तरावर साठविणे म्हणजे शेजाऱ्याच्या वाट्याचे भूजल उन्हाच्या स्वाधीन करणे होय. म्हणून तळी किती खोदली यापेक्षा, त्यांत पाणी कोठून आले आणि त्यावर काय पिकले, याचा हिशेब शासनाने मागितला पाहिजे. अन्यथा तळी वाढतील आणि विहिरी कोरड्या पडतील.