आत्यांचा आवाज आणि एक्सपोर्टचं बटण



गेल्या आठवड्यात मंडळाच्या बैठकीत एक विषय निघाला आणि चांगलाच वाद झाला. आपल्या घरांतल्या ऐंशी-पंच्याऐंशीच्या बायकांशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं, जुन्या यात्रा, व्रतं, गाणी विचारायची, ते रेकॉर्ड करून नीट कापून-जोडून जपून ठेवायचं, असं ठरलं. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. मग एकीने विचारलं, "शेवटी एक्सपोर्ट करताना ते विचारतं ना, 480, 720 की 4के? तेव्हा काय दाबायचं?"

निम्म्या जणी म्हणाल्या, एवढी मोलाची गोष्ट, तर सगळ्यात मोठं दाबायचं. बाकीच्या म्हणाल्या, छे, सगळ्यात लहान, म्हणजे ग्रुपवर पटकन जातं आणि फोनही भरत नाही. मला दोन्ही पटलं नाही. पण तिथे मी गप्प बसले, कारण सांगायचं तर आधी माझी चूक सांगावी लागली असती. ती आज इथे सांगते.

2020 चा भाद्रपद आठवा. एप्रिल-मे महिन्यांत मालेगावने काय सोसलं ते आपण पाहिलंच. मंदिरं मार्चपासून बंद होती, ती थेट 16 नोव्हेंबरला, पाडव्याला उघडली. मधे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दादर, भायखळा आणि चेंबूर इथल्या तीन मंदिरांना श्वेतांबर पर्युषणाच्या शेवटच्या दोन दिवसांपुरती परवानगी दिली होती. आपलं दशलक्षण 23 ऑगस्टला सुरू झालं, ते घरातच. आम्ही घरचे सगळे रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर जमायचो. थोडा स्वाध्याय, मग गप्पा.

उत्तम आर्जवाच्या दिवशी आमच्या आत्या, म्हणजे यांची आत्या, पुण्याहून मुलाच्या फोनवरून आल्या. मी विचारलं, "आत्या, रेकॉर्ड करू का?" त्या म्हणाल्या, "कर की. मला काय चोरी आहे!" आणि बोलत सुटल्या. लहानपणी मालेगावहून सटाणा, ताहाराबाद करत मांगीतुंगीला बैलगाडीने कसं जायचे, सोबत दशम्या कशा बांधून घ्यायचे, सूर्यास्ताआधी जेवण उरकायला गाडी कुठे सोडायचे. मग त्यांनी एक गाणं म्हटलं. डोंगर चढताना बायका म्हणायच्या ते. त्यांच्या आईकडून आलेलं, कुठल्याही पुस्तकात नसलेलं. माझ्या सासूबाईंनाही ते अर्धंच येत होतं.

रेकॉर्डिंग 40 मिनिटांचं होतं, फाईल साधारण 150 एमबीची. मला ते सगळ्यांना पाठवायचं होतं. त्या वेळी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओला 16 एमबीची मर्यादा होती. मी मधल्या खोकल्याच्या, थांबण्याच्या, नातवाला हाका मारण्याच्या जागा कापून 20 मिनिटांवर आणलं आणि सेटिंग खाली खाली आणत गेले. चित्र 240पी, आवाज 24 केबीपीएस. बसलं एकदाचं 16 एमबीत. पाठवलं, सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. आणि फोनमध्ये जागा हवी म्हणून मी मूळ फाईल डिलीट केली.

आत्या 2021 मध्ये गेल्या. त्यानंतर कधीतरी ते गाणं लिहून घ्यावं म्हणून वही-पेन घेऊन बसले. आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. 'स' कुठला, 'श' कुठला, 'ख' कुठला, कळेना. पाच कडव्यांपैकी तीन हाती लागली. चौथं अर्धं. पाचव्यात फक्त 'पायरी' एवढा एक शब्द समजतो. दोष ना अॅपचा, ना फोनचा. एक्सपोर्टचं बटण मी दाबलं होतं आणि डिलीटचंही मीच.

आता त्या बैठकीतल्या प्रश्नाकडे येते. माझं मत असं, की कॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये जपायचा असतो तो आवाज. चित्र मध्यम ठेवा, आवाजात काटकसर करू नका आणि मूळ फाईलला हात लावू नका. का, ते हिशेबाने सांगते.

फाईल किती मोठी होणार हे ठरतं बिटरेटवर. बिटरेट म्हणजे एका सेकंदाला किती माहिती खर्च करायची तो दर. दर गुणिले वेळ, की झाली रक्कम. फक्त आठाने भागायचं, कारण दर बिटमध्ये असतो आणि फाईल बाइटमध्ये. चित्राला 1000 केबीपीएस आणि आवाजाला 128 धरा. 1128 भागिले 8, म्हणजे सेकंदाला 141 केबी. 40 मिनिटांचे 2400 सेकंद. झाले साधारण 338 एमबी. हेच 4के निवडून बिटरेट 40 एमबीपीएस ठेवला, तर सेकंदाला 5 एमबी आणि 40 मिनिटांचे 12 जीबी. आणि माझं ते 20 मिनिटांचं 16 एमबीतलं? सेकंदाला जेमतेम 107 किलोबिट, त्यातच चित्र आणि त्यातच आवाज. वाण्याच्या घरात एवढा हिशेब आधी करायला हवा होता.

मोठं दाबा म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी विचारते, त्या 12 जीबीत जास्तीचं काय मिळतं? पाच-दहा जणांच्या कॉलचं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा 640 बाय 360 एवढंच असतं, फार तर 1280 बाय 720. जे कॅमेऱ्याने आणि नेटने आणलंच नाही, ते एक्सपोर्ट कुठून आणणार? आपण यंत्रमागाच्या गावातल्या. इंचाला चाळीस धागे घालून विणलेलं कापड कितीही चांगल्या प्रोसेसला दिलं तरी साठ धाग्यांचं होत नाही. 360 च्या फाईलचं 4के म्हणजे दुधात पाणी घालून पातेलं भरणं. पातेलं मोठं दिसतं, साय तेवढीच. शिवाय ते 12 जीबी ठेवायला नवी हार्ड डिस्क, ती भरली की दुसरी. व्रतांत परिग्रहपरिमाण घ्यायचं आणि कपाटात न लागणाऱ्या जीबींचा ढीग लावायचा, हे मला विसंगत वाटतं.

लहान दाबा म्हणणाऱ्यांना सांगायला माझ्याकडे आत्यांचं गाणं आहे. आणि त्या म्हणतात तसं चालवायचं असेल, तर निदान चित्र आणि आवाज यांत फरक करा. आत्यांचा चेहरा थोडा धूसर दिसला तर काही बिघडत नाही, घरात त्यांचे फोटो आहेत. आवाजाची दुसरी प्रत कुठेच नाही. आणि आवाजाला लागतं किती? 128 केबीपीएसने 40 मिनिटांच्या आवाजाचे 38 एमबी होतात. एवढ्यावर काटकसर करून मी काय वाचवलं?

आपल्या गावात कॅसेटच्या काळात हे सगळ्यांना माहीत होतं. नासिर शेख यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' केला. त्यांच्यावर आणि त्यांच्या साथीदारांवर फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट झाला आणि 2025 मध्ये रीमा कागती यांचा चित्रपट आला. कॅसेटवरून कॅसेट काढली की रंग फिके पडतात, तिसऱ्या प्रतीत चेहरे ओळखू येत नाहीत, हे तेव्हा लग्नाची कॅसेट नणंदेला देणाऱ्या आपल्यालाही ठाऊक होतं. म्हणून मूळ कॅसेट आपण कुणाला द्यायचो नाही. फाईलचं थोडं वेगळं आहे. नुसती कॉपी केली तर काही कमी होत नाही, शंभरावी कॉपीही पहिलीसारखीच. पण एडिट करून एक्सपोर्ट केलं की ती फाईल पुन्हा नव्याने दाबून बांधली जाते आणि दर वेळी थोडं गळतं. एक्सपोर्ट केलेली फाईल पुन्हा उघडून पुन्हा एक्सपोर्ट करणं म्हणजे कॅसेटवरून कॅसेट. दुरुस्ती करायची तर दर वेळी मूळ फाईलपासून सुरुवात करा.

मी आता काय करते ते सांगते.

आधी मूळ फाईल तपासते. विंडोजमध्ये फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स पाहिलं, की रुंदी, उंची, फ्रेम रेट, बिटरेट सगळं दिसतं. एक्सपोर्टची रुंदी-उंची तीच ठेवते. 720 असेल तर 720, 360 असेल तर 360.

फक्त पुढचं-मागचं कापायचं असेल तर एक्सपोर्टच्या भानगडीत पडतच नाही. लॉसलेसकट नावाचं फुकट सॉफ्टवेअर पुन्हा न दाबता नुसतं कापून देतं. काप एखादा सेकंद मागे-पुढे पडतो, पण गळत काही नाही.

जोडाजोड करायची, नाव-तारखेची पाटी लावायची, तर शॉटकट वापरते. तेही फुकट आहे. कॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये फ्रेमचा वेग कमी-जास्त होत असतो, म्हणून ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. शॉटकट अशी फाईल ओळखून एडिटिंगसाठी बदलून घेऊ का, असं विचारतं. मी हो म्हणते. मग एक्सपोर्टला एमपी4, चित्राला एच.264, आवाजाला एएसी. जुन्या टीव्हीपासून सुनेच्या फोनपर्यंत हे सगळीकडे चालतं. फ्रेम रेट 25 किंवा 30, मुळात जो असेल तो. चित्राचा बिटरेट मूळच्या दुप्पट, म्हणजे गळती जाणवत नाही. मूळ 500 असेल तर 1000. बसून बोलणाऱ्या माणसाला तेवढा पुरतो. आवाज 128 केबीपीएस, त्याखाली नाही.

बटण दाबण्याआधी आणखी एक. पूर्ण व्हिडिओ करण्याआधी एका मिनिटाचा तुकडा एक्सपोर्ट करून कानात हेडफोन घालून ऐका. चित्र पाहू नका, डोळे मिटून ऐका. अक्षरं सुटी सुटी कळली पाहिजेत. मी त्या दिवशी हे एक मिनिट दिलं असतं तर आज हे लिहायला बसले नसते.

ग्रुपवर पाठवायची प्रत वेगळी करा, ती खुशाल लहान असू दे. आणि आता तर व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून 2 जीबीपर्यंतची फाईल जाते, तीही न दाबता. मूळ फाईल मात्र दोन ठिकाणी, दोन वेगळ्या घरांत ठेवा. एक हार्ड डिस्क तुमच्याकडे, एक लेकीकडे. फाईलच्या नावात कोण, कुठून, कधी हे लिहा.

हे सगळं मला मंदिरात आठवतं ते श्रुतपंचमीला. धरसेनाचार्यांनी गिरनारच्या गुहेत पुष्पदंत आणि भूतबली यांना शिकवलं, कारण स्मरणात असलेलं ज्ञान हरवत चाललं होतं. षट्खंडागम लिहून पूर्ण झाला, त्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण जिनवाणीची पूजा करतो. त्यावरची धवला टीका मूडबिद्रीला ताडपत्रांवर शतकानुशतकं जपली गेली. डॉ. हीरालाल जैन यांनी 1939 पासून आपल्या अमरावतीहून ती छापायला घेतली. हाती होत्या त्या प्रतींवरून काढलेल्या प्रती. पुढे शंका आलेले पाठ मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी ताडून पाहता आले, कारण नक्कल झाली म्हणून मूळ ताडपत्रं कुणी टाकून दिली नव्हती. कुठे आगम आणि कुठे आमच्या आत्यांचं गाणं, बरोबरी करत नाही. पण मूळ प्रत जपायची रीत आपल्या घरचीच आहे, ती मी फोनच्या जागेपायी विसरले. कर्मबंधाच्या पाच कारणांत मिथ्यात्व आणि अविरती यांच्यानंतर प्रमाद येतो. त्याचा अर्थ मला त्या पाचव्या कडव्याने शिकवला.

म्हणून मंडळाला माझी सूचना आहे. सेटिंग एकदाच ठरवू, कागदावर लिहू आणि सगळ्या जणी तेच वापरू. रेकॉर्ड करण्याआधी प्रत्येकीची परवानगी विचारू, कोणी नको म्हणाली तर आग्रह करणार नाही. आणि रेकॉर्डिंग झालं की महिन्याभरात गाणी वहीत उतरवून घेऊ, त्या बाई असतानाच, म्हणजे न समजलेला शब्द त्यांनाच विचारता येईल. यात खर्च काहीच नाही, थोडी सवड काढावी लागेल.

शेवटी एक विनंती. मांगीतुंगीचा डोंगर चढताना म्हणायचं एखादं जुनं मराठी गाणं, ज्याच्या शेवटच्या कडव्यात 'पायरी' शब्द येतो, तुमच्या आई, सासूबाई किंवा आजींना येत असेल तर मला कळवा. मी वही घेऊन तुमच्या घरी येईन.

जय जिनेंद्र.