साठ व्हायोलिनांचा उसना गहिवर

स्वतंत्र लघुपट करणाऱ्या आपल्या बहुतेक दिग्दर्शकांना व्यावसायिक सिनेमाचे सारे काही अमान्य असते. मान्य असतो तो फक्त त्याचा गहिवर. नट अनोळखी, संवाद बोलीतले, प्रसंग साधा. आणि शेवटच्या दोन मिनिटांत साठ व्हायोलिने एकदम रडू लागतात. ती त्या चित्रपटासाठी कुणीच वाजवलेली नसतात. परदेशातल्या एखाद्या दालनात सुटे सुटे स्वर मुद्रित करून विकलेला तो साठा असतो आणि त्या दालनाचा घुमारही त्याला चिकटून येतो. पडद्यावर राजोडीचा किनारा, कानांवर युरोपातल्या भिंती! श्रेयनामावलीत मात्र 'मूळ संगीत'.

आक्षेप संगणकावर नाही, वाद्यवृंदावर तर नाहीच. मूळ माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला आणि रागांच्या आधारे वाद्यवृंदासाठी रचना लिहिल्या. पुढे 'अमर अकबर अँथनी'त (१९७७) त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी त्यांचे नाव कृतज्ञतेने गाण्यात ओवले. आपण गाणे लक्षात ठेवले आणि माणूस विसरलो. हिंदी चित्रपटांचे वाद्यमेळ लिहिणाऱ्या अनेक गोमंतकीयांची नावे पडद्यावर आलीच नाहीत. तेव्हा निदान वादक खोलीत हजर असे. आता नावापाठोपाठ माणूसही गेला.

'पैसे कुठे आहेत?' हा प्रश्न खरा आहे, पण त्याचे उत्तर साठ खोटी व्हायोलिने हे नव्हे. लघुकथा लिहिणारा कादंबरीचा पसारा परवडत नाही म्हणून रडत नाही. तो आपल्या आकाराचे सामर्थ्य शोधतो. 'घाशीराम कोतवाल'चे (१९७२) भास्कर चंदावरकरांचे संगीत संख्येच्या जोरावर उभे नाही. फिल्म्स डिव्हिजनच्या लघुपटांसाठी विजय राघव राव यांनी केलेले कामही असेच ऐकण्याजोगे आहे. चार वादकांसाठी लिहिणे ही तडजोड नव्हे, तो रचनेचा निर्णय आहे. एका व्हायोलिनचा गज किंचित घसरतो, क्लॅरिनेटवाल्याला मध्येच श्वास घ्यावा लागतो. त्या अडचणीतूनच वाक्याला वळण मिळते. साठ्यातल्या स्वराला दम लागत नाही, म्हणून त्याला विरामही कळत नाही.

आणि वादक नाहीत असे कोण म्हणतो? राजोडी, आगाशी, नंदाखाल या पट्ट्यात लग्नाला ब्रास बँड वाजतो, चर्चमध्ये मराठी गीते गायली जातात. या किनाऱ्यावर चित्रपट करायला येणारा दिग्दर्शक तिथला समुद्र घेतो, घरे घेतो, चेहरे घेतो. कान मात्र घरी ठेवून येतो. संकलन करताना तात्पुरते लावलेले परदेशी संगीत त्याच्या अंगवळणी पडते आणि मग संगीतकाराला तो सांगतो, 'अगदी असेच हवे.' अशा मागणीतून रचना निपजत नाही, नक्कल निपजते.

यात समीक्षेचा वाटा मोठा आहे. आपण लघुपटाची प्रतिमासृष्टी, आशय, जातवास्तव यांवर पानेच्या पाने लिहितो आणि संगीताची बोळवण 'प्रभावी' या एका विशेषणावर करतो. चंदावरकरांनी चित्रपटसंगीताविषयी मराठीत विचार करून दाखवला, म्हणजे भाषेची सबब उरलेली नाही. कवितेतली उसनी प्रतिमा विद्यार्थ्याला दाखवून देणाऱ्या शिक्षकाला उसना गहिवर ऐकू येऊ नये? जोवर आपण तो 'प्रभावी' म्हणत राहू, तोवर नंदाखालचा क्लॅरिनेटवाला फक्त वरातीतच वाजवत राहील.